पहिल्या दाबात पूर्ण उजेड

आम्ही चऱ्होलीला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा रस्ता नकाशात चांगला रुंद होता. प्रत्यक्षात एका बाजूला ज्वारीचं शेत, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभ्या इमारती आणि मधे खडी टाकून दाबलेला पट्टा. दिव्याचे खांब होते, त्यांच्यात वीज यायची होती. मी चाकणला प्रेसचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पहिल्या शिफ्टची बस पहाटे पावणेसहाला मोठ्या रस्त्यावर येते. गेटपासून तिथपर्यंत चालत बारा मिनिटं लागतात.

नवरा सोडायला येत नाही का, असं कंपनीत बऱ्याच जणांनी विचारलं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला झोपेत एकटीला कुलूप लावून दोघांनी बाहेर पडायचं, हे आम्हा दोघांनाही पटत नव्हतं. म्हणून मी चालत जायचे, मोबाइलच्या उजेडात.

दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील. मागून मोटरसायकलचा आवाज आला म्हणून मी कडेला झाले. हेडलाइट नव्हता. गाडी माझ्या बाजूला आली आणि पाठीवर जोरात थाप बसली. मग ओढणी ओढली गेली, गळ्याला आवळली आणि सुटली. कुणीतरी हसलं. मोबाइल हातातून उडून खडीवर पडला. मी ओरडलेसुद्धा नाही. नंबर बघावा हे सुचेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती.

मी मोबाइल उचलला आणि बस पकडली. दिवसभर पार्ट तपासले, एकही खराब पार्ट पास केला नाही. घरी आल्यावर मात्र कुकरचं झाकण तीनदा उलटं बसवलं.

नवरा म्हणाला, “शिफ्ट बदलून घे.”

“जनरलला जागा नाही.”

“मग थोडे दिवस सुट्टी टाक.”

“थोडे दिवस म्हणजे किती? खांबांवर दिवे लागेपर्यंत?”

मग आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी नीट बसवून घेतलं, पाणी दिलं. गाडी कुठली, रंग कुठला, एक माणूस होता की दोन, अंगावर काय होतं, असं एकेक विचारत गेले. प्रत्येक प्रश्नाला मी “माहीत नाही” म्हणत होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. “ताई, काहीच दिसलं नाही का हो?”

ते टोमणा मारत नव्हते. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. माझी नोकरीच बघण्याची आहे. केसाएवढी चीर मला दिसते आणि त्या दिवशी मला एक अख्खी मोटरसायकल दिसली नव्हती.

आमच्या कंपनीचे सिक्युरिटी सुपरवायझर फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. दुसऱ्या दिवशी त्यांना मी विचारलं, की मिरचीचा स्प्रे घेऊ का.

“वारा तुमच्याकडे असला तर तुमच्याच डोळ्यात जाईल,” ते म्हणाले. “आधी टॉर्च घ्या. चांगली घ्या. मोबाइल नको, त्याचा उजेड पायापुरता.” माझ्या टेबलावर प्लग गेज होतं, भोकाचं माप तपासायचा पोलादी दांडका. तो त्यांनी माझ्या मुठीत दिला. “अशी पाहिजे. मुठीत बसून दोन्हीकडून थोडी बाहेर राहणारी. अंग धातूचं. बटण शेपटीला, अंगठ्याखाली. आणि पहिल्या दाबात पूर्ण उजेड. आधी मंद, मग मध्यम, असले चोचले नकोत.”

“आणि मारायचं कुठं?”

“मारायचं नाही. डोळ्यांवर उजेड टाकायचा, बाजूला सरकायचं आणि पळायचं. आणि टॉर्च पर्समध्ये ठेवायची नाही. हातात. पर्समध्ये ठेवलेली टॉर्च घरी ठेवल्यासारखीच.”

पहिली टॉर्च मी ऑनलाइन मागवली. फोटोत सैनिकाचा हात होता आणि उजेडाचा आकडा इतका मोठा, की विमानतळावर लावावी. आली ती हलकी. मला हलकं काही आलं की संशय येतो. शनिवारी मी तिची तपासणी केली, कंपनीत नव्या पार्टची करतो तशीच. आधी कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीन वेळा टाकली. दुसऱ्या वेळी ती आपोआप लागली आणि लुकलुकायला लागली. मग बटण दाबलं तरी बंद होईना. बादलीत बुडवायची वेळच आली नाही. नवऱ्याने विचारलं, “फोडायलाच आणली होतीस का?” मी म्हटलं, “इथं फुटली ते बरं झालं.”

मग रविवारी पिंपरी कॅम्पात गेले. माझं माहेर पिंपरीचं. वडील तिथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं होते, त्यामुळे कॅम्पातल्या गल्ल्या मला पाठ आहेत. विजेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, मालक सिंधी, मराठी माझ्याइतकंच स्वच्छ बोलणारे. त्यांनी आधी रेडिओ आणि भोंगा असलेली प्लास्टिकची टॉर्च काढली, मग शिकारीला नेतात तसली फूटभर लांब.

“मॅडम, नेमकी कशाला पाहिजे?”

मी सरळ सांगितलं. त्यांनी दोन्ही टॉर्च मागे सरकवल्या आणि खालच्या खणातून एक काळी अ‍ॅल्युमिनियमची काढली. वीतभरसुद्धा नव्हती, पण हातात घेतल्यावर वजन कळलं. अंगावर बारीक खाचा, घामाच्या हातातून निसटू नये म्हणून. झाकणाच्या आट्यांवर रबराची रिंग. मी आटे उघडून बघितले, सेल काढून बघितला, डोळे मिटून अंगठ्याने बटण शोधून बघितलं. दहापैकी दहाही वेळा सापडलं.

“ही पडली तर?”

“पाडून बघा,” ते म्हणाले. मी पाडली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. टॉर्चला एक ओरखडा आला, बाकी काही नाही.

घरी आल्यावर पॅसेजमधला दिवा घालवून आम्ही सराव केला. नवरा लिफ्टकडून चालत आला, मी वळले आणि बटण दाबलं. तो जागच्या जागी थांबला, दोन्ही हात डोळ्यांवर. “अगं, मला जिनाच दिसत नाहीये,” तो म्हणाला. पाच मिनिटं त्याला हिरवे ठिपके दिसत होते. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

त्यानंतर दीड महिना मी ती रोज हातात धरून चालले. रस्ता पन्नास पावलांपर्यंत दिसायला लागला. कुत्री लांबूनच बाजूला व्हायची. त्याच सुमारास रस्त्याच्या कडेने ड्रेनेजच्या पाइपसाठी चर खणला गेला, कमरेएवढा खोल. माती तशीच रस्त्यावर पडलेली.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. धुकं होतं. अर्ध्या वाटेवर मागून पावलं ऐकू आली. मी वेग वाढवला, पावलांनीही वाढवला. मी कडा बदलली, पावलांनीही बदलली. मागे वळून नुसता ओझरता उजेड टाकला तर माकडटोपी घातलेला माणूस, हातात काठी, झपाझप माझ्याकडे येत होता. दहा पावलांवर असेल. मला शिकवल्याप्रमाणे मी केलं. वळले, टॉर्च खांद्याच्या उंचीवर धरली आणि पूर्ण उजेड त्याच्या डोळ्यांवर टाकला. त्याने हात वर केला, मागे एक पाऊल टाकलं, मग दुसरं आणि तो चरात पडला.

मी पळाले. तीसेक पावलं पळाले असेन. मागून आवाज आला, “अगं आई गं!” आणि मग जरा वेळाने, “पोरी, ए पोरी, डोळ्याफुडं काय बी दिसंना मला.”

आवाज म्हाताऱ्याचा होता.

मी थांबले. परत जायचं की नाही, याचा विचार किती वेळ केला ते सांगता येणार नाही. हे नाटक असेल, असंही मनात आलं. मग मी नवऱ्याला फोन लावला, चालू ठेवला आणि उजेड जमिनीवर पाडत परत गेले. चरात एक सत्तरीचे गृहस्थ मातीला टेकून बसले होते. शेजारी दुधाची रिकामी किटली. एक पाय विचित्र वळलेला.

“बाबा, तुम्ही माझ्या मागे का येत होता?” मी वरूनच विचारलं. आवाज चढलेलाच होता माझा.

“मागं न्हाई गं, गोठ्यावर चाललो हुतो. रोज जातो.”

“मग मी कडा बदलली तर तुम्ही का बदलली?”

“तुज्या उजेडात चालत हुतो.” त्यांनी डोळे चोळले. “मोतीबिंदू हाय माजा. ह्यो चर खणल्यापास्नं मला भ्या वाटतंय. तुजी बॅटरी लई लांब पडती. म्हनून तू निघायच्या टायमाला निगतो आन् तुज्या मागनं येतो. तू आज लई झपाझपा चाललीस, म्हनून मी बी.”

ज्या चरापासून ते स्वतःला वाचवत होते, त्याच चरात मी त्यांना पाडलं होतं.

नवऱ्याने शेजारच्या काकूंना उठवून मुलीपाशी बसवलं आणि गाडी घेऊन आला. आम्ही दोघांनी बाबांना वर काढलं. बस गेली होती. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. घोट्याचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “अंधार हुता.”

त्यांचं घर चऱ्होलीच्या जुन्या गावठाणात. दारात त्यांची बायको उभी होती, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. मी बाबांना आत निजवल्यावर तिला सगळं खरं सांगितलं. मोटरसायकलचंही सांगितलं. ती मला ओरडेल अशी माझी तयारी होती.

ती नवऱ्याकडे वळली. “आवं, फुडं एकली बाई असल्यावर आवाज द्यावा, खाकरावं. भुतावानी मागनं कशापायी जायचं?”

“मला वाटलं तिला ठावं हाय.”

“तिला कसं ठावं असंल? तिच्या काय पाठीला डोळं हायत?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू बस गं. च्या ठिवते.”

चहा ठेवता ठेवता तिने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि ज्या कपांतून स्वतः प्यायची त्यांतलाच एक मला दिला. कपाकडे मी लक्ष दिलं होतं. आमच्या घरात लहानपणापासून ती सवय लागते, कुणी शिकवावी लागत नाही.

आता प्रश्न गोठ्याचा होता. दोन गाई, धार पहाटेच काढायची. मुलगा नोकरीला दुसऱ्या गावी. म्हणजे सहा आठवडे बाबांची बायकोच, मी तिला मावशी म्हणायला लागले होते, जाणार, त्याच रस्त्याने, त्याच वेळी. मी म्हटलं, “मी गावठाणाच्या तोंडाशी थांबत जाईन. बरोबर जाऊ.”

“तुजी बस चुकंल.”

“दहा मिनिटं लवकर निघेन.”

तसं सुरू झालं. माझा उजेड दोघींना पुरायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही फारसं बोललो नाही. मग ती बोलायला लागली. आमची सोसायटी उभी आहे तिथे त्यांचा हरभरा असायचा. लग्न होऊन आली तेव्हा या वाटेने ती अंधारात एकटी जायची आणि तिला भीती नव्हती. “कारन वळखीचा नसंल असा मानूसच नव्हता,” ती म्हणाली. “वळखीचा बी वाईट असतुया, पर त्याच्या आईला सांगता येतं.”

एक दिवस तिने टॉर्च मागून घेतली. बटण दाबायला गेली तर अंगठा वळेना. संधिवाताने तिची बोटं आखडलेली. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा लागली, आणि गोठ्याच्या तोंडाशी ती लागल्याबरोबर गाय बुजून खुंट्याभोवती फिरली.

“ही माज्या कामाची न्हाई,” मावशी म्हणाली. “मला बी एक बघ. पर मला जमंल अशी.”

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन पिंपरी कॅम्पात गेले. दुकानदारांनी मला ओळखलं. “मॅडम, पुन्हा पाडणार का?”

मावशीने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि आपल्या अटी सांगितल्या. मी त्या माझ्या कामाच्या भाषेत मनात लिहून घेत होते. बटण अंगावर पाहिजे, पुढे सरकवायचं, दाबायचं नाही. एका हातात किटली असते, म्हणून गळ्यात अडकवायला दोरी पाहिजे. उजेड आधी मंद, म्हणजे गाय बुजणार नाही. हलकी, पण फुटकी नको. ओल्या हाताने धरली तरी चालली पाहिजे. साताऱ्याच्या साहेबांनी सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक अटीच्या ही यादी उलटी होती आणि यादीत चूक कुठेच नव्हती.

“आणि कुणी अंगावर आला तर?” दुकानदारांनी विचारलं.

“किटली हाय की,” मावशी म्हणाली. “दोन शेराची.”

त्यांनी सहा-सात टॉर्च काढल्या. मावशीने प्रत्येक हातात घेतली, बटण सरकवलं, नाक मुरडून बाजूला ठेवली. शेवटी पिवळ्या रबराच्या आवरणाची एक तिला आवडली. मी ती घेऊन फरशीवर पाडली. मावशी दचकली. “आगं बया, पैसं द्यायच्या आदी?”

“आधीच पाडायची असते, मावशी.”

टॉर्च चालू राहिली. मग मी दुकानदारांकडून ग्लासभर पाणी मागून तिच्यावर ओतलं. तरी चालू राहिली. पैसे मी देऊ लागले तर मावशीने माझा हात धरून बाजूला केला आणि कनवटीचे काढून स्वतः दिले. घरी जाताना रिक्षात ती भर दुपारी टॉर्च लावून सीटखाली बघत होती.

मार्च लागता लागता बाबांचं प्लास्टर निघालं होतं, पण पाय अजून टेकत नव्हता. एका सकाळी आम्ही दोघी चालत होतो आणि समोरून हेडलाइट नसलेली मोटरसायकल आली. या वेळी मी आवाजालाच टॉर्च वर केली. मावशीनेही आपली सरकवली. चालवणाऱ्याने तोंड फिरवलं, गाडी खडीवर घसरली, त्याने पाय टेकून कशीबशी सावरली. वीस-बाविसाचा होता. मी उजेड त्याच्या तोंडावरून खाली घेतला आणि नंबर मोठ्याने वाचला. दोनदा वाचला.

मावशी पुढे गेली. “ए, तू वरल्या आळीचा न्हवं? तुजी आई भाजी घिऊन बसती?”

“बत्ती खराब हाय आजी, दुसरं काय न्हाई,” तो म्हणाला.

“मग ढकलत न्हे.”

त्याने खरंच गाडी ढकलत नेली. मी बसमध्ये बसल्यावर नंबर नवऱ्याला पाठवला आणि तो त्याच दिवशी चौकीत देऊन आला. हवालदारांनी मुलाला बोलावून घेतलं. तो त्याच्या म्हणण्यावर ठाम राहिला, की दिवाळीनंतर तो गावातच नव्हता. मावशी त्याच्या आईकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, फक्त “सांगून आले” एवढंच म्हणाली. मला ओढणी ओढणारा तोच होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्याचं तोंड मी पाहिलेलंच नव्हतं, तर ओळखणार कशावरून? ते मी चौकीत तसंच लिहून दिलं. त्यानंतर त्या रस्त्यावर बिनदिव्याची गाडी मात्र मला दिसली नाही.

एप्रिलमध्ये खांबांवर दिवे लागले, एकाआड एक. चर बुजला. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते कुणासाठी न थांबता पुढे निघून जायला लागले, असं मावशी माझ्याबरोबर चालता चालता तक्रारीच्या सुरात सांगायची. कंपनीत आमच्या लाइनवरच्या तिघीचौघी मला टॉर्चची लिंक मागतात. मी लिंक देत नाही. आधी विचारते, हातात आणखी काय असतं, बोटं कशी आहेत, वाटेत कोण कोण भेटतं. त्यांना वाटतं मी भाव खाते.

या पावसाळ्याच्या आधी गोठ्याची जागा बिल्डरला गेली. मग एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मावशीचा फोन आला, “तुजी कंपनी बाजारापास्नं लांब हाय का गं?” चाकणला त्या दिवशी गुरांचा बाजार असतो. मी गेटपास घेऊन बाहेर आले. रस्त्याच्या कडेला रिकामा टेम्पो उभा होता. पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा, खिडकीशी मावशी. गाई विकल्या गेल्या होत्या.

“चांगल्या घरी गेल्या का?” मी विचारलं.

“मानूस बरा वाटला. खेडकडचा हाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “उद्यापास्नं तू एकलीच.”

“उद्या रविवार आहे, मावशी.”

“मग परवापास्नं.”

“आता दिवे लागलेत.”

“व्हय, लागलेत,” ती म्हणाली. ड्रायव्हरने टेम्पो चालू केला. सुट्टी संपायला चार मिनिटं होती, मी परत आत गेले.